दशरथ वायरमनच्या गाठी

मुलुंडच्या चेकनाक्याजवळ दशरथ वाव्हळ नावाचा गाड्यांचा वायरमन होता. त्याला रंग ओळखता येत नसत. काळा-पांढरा कळे, निळा-पिवळाही बऱ्यापैकी कळे. पण लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही त्याला एकच. ज्याचं सगळं पोट रंगीत वायरींवर, त्याची ही गत. हे आज लिहायला हरकत नाही, कारण पुढे तो स्वतःच गिऱ्हाइकाला आधी हे सांगायचा आणि मगच बॉनेट उघडायचा. पण १९८६ सालापर्यंत ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, शेवंतीला, ठाऊक होती. ती बाहेर फुटली ती माझ्यामुळे. मी सहदेव घाडी, पोस्टमन. आमच्या घराण्यात दोन गुण पिढीजात आहेत: सल्ला देणं आणि कुणी न मागता मदत करणं. दुसऱ्या गुणाने आजवर जास्त नुकसान केलंय.

पोस्टमनचा आणि मोटारीच्या वायरमनचा संबंध काय, असं कुणी विचारेल. मध्ये एक मोटार आली, एवढंच. माझ्या बीटवर, म्हणजे टपाल वाटायच्या हद्दीत, मिस्किटा नावाचे एक म्हातारे गृहस्थ एका बैठ्या बंगल्यात एकटे राहत. त्यांच्या मुलाचं ऑस्ट्रेलियाहून दर महिन्याला पत्र येई आणि ते मी दारात टाकून न जाता हातात देत असे. कारण आत बोलावून ते केक देत. पंच्याऐंशीच्या डिसेंबरात ते मुलाकडे कायमचे निघाले. बंगला पाडायला दिला होता. मागच्या पडवीत त्यांची एक जुनी एमजी उभी होती, १९५२ सालची, दोन माणसांची, कापडी टपाची, पळायला केलेली गाडी. दहा वर्षं ती जागची हलली नव्हती. भंगारवाला तिचे तुकडे करून नेणार म्हणून ते कळवळले आणि मला म्हणाले, तू घेऊन जा. मीही हो म्हणालो.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातला प्रकार. मला गाडी चालवता येत नव्हती. माझ्याकडे सायकल होती, तीही सरकारची. पण मनात एक चित्र उभं राहिलं: टप खाली केलेल्या गाडीतून मी पोस्टासमोर उतरतोय आणि आमचे पोस्टमास्तर खिडकीतून बघतायत. त्या एका चित्रासाठी मी पुढचे पाच महिने स्वतःची आणि दुसऱ्याची वाट लावली.

घरी कमलने, माझ्या बायकोने, ऐकून घेतलं आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "घरात पाच माणसां आणि गाडयेत दोन. उरलेली तिघां मागसून धावत येतली काय?" मी तिला म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. मला तरी कुठे कळत होतं.

चार पोस्टमनांनी मिळून ती गाडी ढकलत दशरथच्या शेडपर्यंत नेली. जुन्या आग्रा रोडला, जिथे जकातीसाठी ट्रक रांगेत थांबत, तिथे चार बांबू आणि पत्रा अशी त्याची शेड होती. दशरथ तेव्हा चाळिशीचा होता. उंच, जरासा वाकलेला, बोलायला कंजूस. त्याचं टपाल मीच टाकायचो, त्यामुळे एकेरीतली ओळख होती. त्याने बॉनेट उघडलं, आत हात घातला, बोटं नाकाशी नेली आणि म्हणाला की उंदरांनी संसार थाटलाय, सगळं हार्नेस बदलावं लागेल. हार्नेस म्हणजे काय हे मी न विचारता मान डोलावली. मग त्यानेच सांगितलं: बॅटरीपासून दिव्यांपर्यंत, हॉर्नपर्यंत, समोर वेग-पेट्रोल दाखवणाऱ्या काट्यांपर्यंत ज्या वायरी जातात त्यांची एकत्र बांधलेली मोळी. जुन्या गाडीत ती सुती कापडात विणलेली असते. तिला चाळीस-पन्नास टोकं फुटतात आणि प्रत्येक टोकाची जागा ठरलेली असते. अशी मोळी बाजारात मिळत नाही, जुनीवरून नवी बनवावी लागते.

त्याची हकिगत मला बरीचशी नंतर कळली, पण इथेच सांगतो. तो सातारा जिल्ह्यातला. पंधराव्या वर्षी गोवंडीला मामाकडे आला आणि ट्रकवर क्लीनर म्हणून लागला. पुढे विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली शिकाऊ उमेदवार घेत होते. लेखी परीक्षेत हा वर आला. मग डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरलं आणि यातला आकडा वाच म्हणाला. दशरथला आकडा दिसला नाही. त्याला वाटलं, कोरं पान दाखवून आपली परीक्षा घेतायत, म्हणून तो प्रामाणिकपणे म्हणाला, इथे काही नाही. मागे उभी असलेली पोरं हसली. कागदावर अपात्र असा शिक्का पडला आणि घरी येईपर्यंत त्याला समजलंच नाही की आपल्याला काय झालंय.

दुसरा कुणी असता तर त्याने वायरचा नाद सोडला असता. हा चेकनाक्यावर एका सरदारजी उस्तादाकडे लागला आणि स्वतःची रीत काढली. ट्रकवर ताडपत्री बांधून बांधून बोटांना गाठी पाठ होत्या. वायर सोडवण्याआधी तो तिच्या दोन्ही टोकांना मेण लावलेला काळा दोरा बांधायचा. पुढच्या दिव्याला एक गाठ, मागच्याला दोन, हॉर्नला तीन, चार्जिंगला एक सैल फास, असं सगळं ठरलेलं. डॅशबोर्डच्या खाली, जिथे बाकीचे वायरमन तोंडात टॉर्च धरून वाकडे होतात, तिथे हा डोळे मिटून, पाठीवर पडून, नुसत्या बोटांनी काम करायचा. खरं कारण न कळताही उस्ताद मरेपर्यंत म्हणायचा की या पोराच्या हातात डोळे आहेत. बाजारातून टोमॅटो आणायला मात्र शेवंती त्याला पाठवत नसे, कारण तो हटकून कच्चे आणायचा.

तर माझ्या गाडीचं काम सुरू झालं. दशरथने तीन रविवार खपून जुन्या हार्नेसच्या प्रत्येक टोकाला दोरे बांधले, मग अख्खी मोळी अलगद बाहेर काढली आणि प्लायवूडच्या एका मोठ्या फळीवर पसरली. वळणावळणावर खिळे ठोकले. आता या नकाशावरच नवी मोळी बांधायची होती. शेडमध्ये येणारा जाणारा थांबून बघायचा. मी शेजारी खोक्यावर बसून आल्यागेल्याला माहिती पुरवायचो. हार्नेस हा शब्द तोवर मी दिवसातून वीसदा वापरू लागलो होतो.

त्यातच चंद्रप्रकाश शेठचा विषय निघाला. या शेठकडे शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या नऊ बस होत्या आणि त्या सगळ्यांच्या वायरिंगचं काम तो कायमचं एकाच माणसाला देणार होता. दशरथने शब्द टाकला होता. ते काम मिळालं असतं तर चार बांबूंची शेड सोडून त्याला पक्का गाळा घेता आला असता. जकात नाक्याचा ट्रक कधी थांबेल यावर चूल पेटणं बंद झालं असतं. शेवंती डबा घेऊन यायची तेव्हा न बोलताही हा विषय तिच्या तोंडावर दिसायचा. शेठने सांगितलं होतं की रविवारी येतो, तुझं काम डोळ्यांनी बघतो. आणि दाखवायला फळीवर माझ्या गाडीचं हार्नेस होतं.

त्या रविवारी सकाळी दशरथ शेठला आणायला नाक्यावर गेला आणि जाताना मला म्हणाला, बस, लक्ष ठेव. एवढंच म्हणाला. लक्ष ठेव या दोन शब्दांत पुढचं सगळं करण्याची परवानगी कुठून आली, हे मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

तोवर माझी एकोणीस वर्षं पोस्टात गेली होती. रोज सकाळी आमच्या पुढ्यात टपालाचा ढीग पडतो आणि आम्ही तो लावतो: गल्लीप्रमाणे, इमारतीप्रमाणे, मजल्याप्रमाणे. न लावलेला ढीग दिसला की माझे हात शिवशिवतात. समोर फळीवर पन्नास वायरी एकमेकींत गुंतून पडल्या होत्या. वर कुजकं कापड आणि जागोजागी ते मळके काळे दोरे. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलेत. वास्तविक दशरथच्या शेडमध्ये बाबासाहेबांचा फोटो होता आणि लिंबू-मिरची मी कधी पाहिली नव्हती. असल्या गोष्टींवर तो थुंकलाही नसता. हे मला ठाऊक होतं आणि तरीही मला तसं वाटलं. मोठा माणूस बघायला येतोय आणि हा पसारा. आपण जरा लावून ठेवू.

मी कात्री घेतली. आधी दोरे कापले, एकूण एक. मग कुजकं कापड उसवलं आणि वायरी सुट्या केल्या. खिळे मध्ये येत होते, तेही उपटले. मग वायरी रंगाप्रमाणे लावल्या: लाल एका बाजूला, हिरव्या एका बाजूला, तपकिरी, निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या. प्रत्येक जुडगा पोस्टाच्या सुतळीने बांधला. ती सुतळी सरकारी होती आणि माझ्या खिशात कायम असे. कापलेले दोरे गोळा करून बाहेर टाकले, शेड झाडली आणि खोक्यावर बसून राहिलो. इतकं समाधान मला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

दशरथ शेठला घेऊन आला. दारातच त्याचं पाऊल थांबलं. मला वाटलं, खूश झाला. शेठ पुढे झाला, फळीकडे बघून मान हलवली आणि म्हणाला की वा, काम करावं तर असं, काय टापटीप आहे. हे मी लावलं असं सांगायचा मोह मी मोठ्या मनाने आवरला. शेठने विचारलं, यातलं काय कुठे जातं. दशरथ फळीकडे बघत राहिला. मला वाटलं, बुजलाय. आपण त्याला जरा उचलून धरावं म्हणून मी म्हणालो, "दशरथ, ती हिरवी दाखव ना शेठना."

त्याचा हात फळीवर गेला आणि दोन जुडग्यांच्या मध्ये थांबला. बोटं वायरींच्या टोकांवरून फिरली. टोकांना काहीच नव्हतं. त्याने एक जुडगा उचलला. तो लाल होता.

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, अरे हिरवी रे. त्याने तो ठेवला आणि दुसरा उचलला. तो तपकिरी होता. शेठचं हसू गेलं आणि मग कुठे माझंही गेलं. इतकी वर्षं त्याच्याकडे जाऊन मला जे दिसलं नव्हतं, ते त्या अर्ध्या मिनिटात दिसलं. बाहेर कचऱ्यात पडलेल्या दोऱ्यांचा अर्थही त्याच वेळी लागला.

सारवासारव करण्यात आमचं घराणं कमी नाही. मी म्हणालो, शेठ, हा मस्करी करतोय, सकाळपासून याचं हेच चाललंय. दशरथने जुडगा खाली ठेवला आणि शेठकडे सरळ बघितलं.

"मस्करी नाही," तो म्हणाला. "मला लाल-हिरवं कळत नाही. मी गाठी मारून काम करतो. चोवीस वर्षं करतोय, एक गाडी जळलेली नाही. तुमच्या बसमध्ये पोरं बसतात, म्हणून सांगितलं. चालत असेल तर बघा."

शेठ वाईट माणूस नव्हता. त्याने चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला आणि उठताना म्हणाला, कळवतो.

तो गेल्यावर मला वाटलं, आता दशरथ मला पान्याने मारेल. मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता फळीजवळ बसला. खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती, त्यांवरून त्याने बोट फिरवलं आणि विचारलं, "कशाला रे?" नीट दिसावं म्हणून, असं मी पुटपुटलो. संध्याकाळी घरी जाऊन कमलला सगळं सांगितलं आणि तिच्यासमोर रडलो. तिने मला समजावलं नाही. ती म्हणाली, रडून घे आणि उद्या त्याच्याकडे जा.

मी गेलो. गाडी भंगारात देतो म्हणालो. दशरथने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नकाशा गेला होता, तेव्हा त्याने उलट्या बाजूने सुरुवात केली. एकेका दिव्यापाशी, एकेका काट्यापाशी बसायचं, इथून वायर कुठे जायला हवी हे डोक्याने ठरवायचं आणि तेवढीच कापायची. लोहार चाळीच्या वायरबाजारातून त्याने वायर आणली ती सगळी काळी. रंगाचं ढोंग करायचं आता कारण उरलं नव्हतं. प्रत्येक टोकाला दोरा, दोऱ्याला गाठी. मी खोक्यावर बसायचो आणि माझं एकच काम होतं, काहीही न करणं. ते मला फार जड गेलं. पुढे त्या गाडीचं बॉनेट जो जो दुसरा वायरमन उघडायचा, तो आतलं ते काळं जाळं आणि गाठी बघून हात जोडायचा. पण तो सहा आठवडे चाललेला प्रकार बघताना मला पहिल्यांदा कळलं की काम येणं म्हणजे काय. मला पत्ते वाचता येतात, तेवढंच.

चेकनाक्यावर बातमी पसरली होतीच. ट्रकवाले येता-जाता हातातली वस्तू वर धरून विचारायचे, दशरथ, याचा रंग कुठला? दोन-तीन जुनी गिऱ्हाइकं पलीकडच्या वायरमनकडे गेली. दशरथ हातातलं काम चालू ठेवायचा. पण कळवतो या शब्दावर तो टेकून होता. मी टपाल टाकायला गेलो की माझ्या हाताकडे बघायचा आणि मग मान वळवायचा. शेवंतीवहिनी तर तोंडाने विचारायच्या, काही आलं का भावजी.

आणि एका सोमवारी ते आलं. पोस्टकार्ड. पोस्टमन पोस्टकार्डं वाचत नाहीत असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मी ते लावतानाच वाचलं. शेठने स.न.वि.वि. घालून चार ओळी लिहिल्या होत्या. लहान मुलांचा प्रश्न आहे, पालक विचारतील, सबब काम दुसरीकडे दिले आहे, राग नसावा.

मी ते खिशात घातलं. एकोणीस वर्षांत एकही कार्ड मी एका दिवसापेक्षा जास्त ठेवलं नव्हतं. साप आला तेव्हा नाही, ताप आला तेव्हा नाही. सोमवारी वाटलं, आज हेडलाइट जोडतोय, उद्या देऊ. मंगळवारी वहिनी तिथे होत्या. बुधवारी मी रस्ता बदलून गेलो. मनात म्हणायचो, त्याच्या भल्यासाठीच थांबतोय. दोरे कापतानाही मनात हेच होतं, हे मात्र तेव्हा ध्यानात आलं नाही.

गुरुवारी दुपारी गेलो तेव्हा हार्नेस गाडीत बसलं होतं आणि दशरथ बॅटरीची टोकं घासत होता. मी कार्ड पुढे केलं. त्याने हात पुसले, वाचलं, उलटं केलं आणि शिक्क्याजवळ बोट नेलं.

"शिक्का सोमवारचा आहे," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो.

"तीन दिवस माझी बायको तुला विचारतेय, आणि कार्ड तुझ्या खिशात." त्याचा आवाज चढला नव्हता. "आधी माझे दोरे कापलेस. ते नकळत, ठीक. आता माझं टपाल अडवलंस. मला काय झेपतं आणि काय नाही, हे तू ठरवणार? त्या डॉक्टरने ठरवलं, शेठने ठरवलं. तुझं काय राहिलं होतं रे?"

तुझं चुकलं असं लोक मला आयुष्यभर म्हणत आलेत आणि दर वेळी माझ्याकडे खुलासा तयार असतो. त्या दिवशी नव्हता. लाज वाटली, आणि ती आजही तशीच वाटते.

त्याने कार्ड बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचलं आणि बॅटरी जोडली. मग डॅशबोर्डखाली पाठीवर सरकला. थोड्या वेळाने समोरच्या पत्र्यावर दोन पिवळे गोल उमटले. काट्यांचे दिवे लागले. आतून त्याचा आवाज आला की चालवायच्या जागी बस, आणि मी सांगितल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस.

मी आत जाऊन बसलो. समोर हॉर्न होता, स्विच होते, चकचकीत काटे होते. बोटं शिवशिवत होती. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि तो सांगायची वाट बघत राहिलो.